डबल इन्डेम्निटी: एका विमा-खुनाचा न्वार हिशेब

सिनेमा सुरू होऊन काही मिनिटं होतात न होतात तोच खुनी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून टाकतो. कोणाला मारलं, कशासाठी मारलं आणि हाती काय लागलं. पैशासाठी मारलं, बाईसाठी मारलं. पैसाही मिळाला नाही आणि बाईही मिळाली नाही. पॅरामाउंटच्या, बिली वाइल्डर दिग्दर्शित 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) या चित्रपटाची ही सुरुवात. रहस्य असं दारातच वाटून टाकल्यावर १०७ मिनिटांच्या सिनेमात प्रेक्षकाला खुर्चीत धरून ठेवतं तरी काय, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

फिल्म न्वार म्हणजे अंधाऱ्या, निराश वळणाच्या गुन्हेपटांचा प्रकार. त्याची लक्षणं आता बहुतेकांना तोंडपाठ असतात. खिडकीच्या पट्ट्यांची सावली, सिगारेटचा धूर, रात्रीचं शहर, नायकाच्या आवाजातलं निवेदन, भूतकाळात जाणारी कथा आणि पुरुषाला खड्ड्यात घालणारी देखणी स्त्री. 'डबल इन्डेम्निटी'त यातलं सगळं आहे, इतकं की पुढच्या अनेक सिनेमांनी इथूनच उचललं. पण लक्षणांची यादी पुढे ठेवून सिनेमा पाहिला तर तो हातातून निसटतो. इथलं प्रत्येक लक्षण कुठल्यातरी अडचणीवर शोधलेला उपाय आहे, आणि ते सगळे उपाय एका काटेकोर, कारकुनी हिशेबाभोवती बसवलेले आहेत. तो हिशेब काढून घेतला तर उरतात फक्त पट्ट्या आणि धूर.

पूर्वपीठिका

मुळाशी खरा खटला आहे. मार्च १९२७मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी तिचा नवरा अल्बर्ट याचा खून केला. त्याआधी नवऱ्याला फसवून त्याच्या नावावर विमा उतरवला होता आणि अपघाती मृत्यूला दुप्पट भरपाई देणारं कलम त्यात होतं. दोघं लगेच पकडले गेले आणि जानेवारी १९२८मध्ये सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला. एका छायाचित्रकारानं घोट्याला कॅमेरा बांधून आत नेला आणि खुर्चीतल्या रूथचा फोटो 'डेली न्यूज'च्या पहिल्या पानावर झळकला.

जेम्स एम. केननं हा सांगाडा घेऊन लॉस एंजेलिसमध्ये घडणारी लघुकादंबरी लिहिली. ती १९३६ साली 'लिबर्टी' साप्ताहिकात क्रमशः आली. हॉलिवूडच्या स्टुडिओंना ती त्याआधीच हवी होती, पण १९३५मध्येच जोसेफ ब्रीनच्या कचेरीतून पत्र निघालं की हा मजकूर पडद्यावर येऊ शकत नाही. ब्रीन हा प्रॉडक्शन कोडचा अंमलदार. १९३४पासून स्टुडिओंचा प्रत्येक सिनेमा त्याच्या कचेरीतून मंजूर होऊन जायचा. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, गुन्ह्याची पद्धत तपशिलात दाखवायची नाही, विवाहबाह्य संबंध आकर्षक वाटता कामा नयेत, अशी ती नियमावली. या कथेत विवाहबाह्य संबंध आहेत, विम्याची फसवणूक आहे आणि खून कसा करायचा याचा अख्खा आराखडा आहे. आठ वर्षं ती तशीच पडून राहिली.

१९४३मध्ये वाइल्डरनं ती उचलली. त्याचा नेहमीचा सहलेखक चार्ल्स ब्रॅकेट याला हा विषय पसंत नव्हता, त्यामुळे रेमंड चँडलरला बोलावलं गेलं. चँडलर गुप्तहेरकथा लिहिणारा, स्टुडिओच्या कामाचा अनुभव शून्य. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटलं नाही, आणि पटकथा मात्र उत्तम उतरली. चँडलरचं पहिलं म्हणणं होतं की केनचे संवाद वाचायला धारदार असले तरी बोलायला चालणार नाहीत. नटांकडून वाचून घेतल्यावर वाइल्डरलाही ते पटलं. पडद्यावरचे टपोरे, टोलवाटोलवीचे संवाद त्यातून नव्यानं लिहिले गेले. कोडच्या कचेरीनं या वेळी किरकोळ हरकती घेतल्या. प्रेताची विल्हेवाट फार तपशिलात दाखवू नका, गॅस चेंबरमधला मृत्युदंड फार भीषण आहे, आणि नायिकेचा टॉवेल पुरेसा मोठा ठेवा.

मुख्य भूमिकेसाठी नट मिळणंही सोपं नव्हतं. खुनी विमा एजंट साकारून कारकीर्द धोक्यात घालायला कोण तयार होणार? जॉर्ज राफ्टनं कथा ऐकून विचारलं होतं की नायक कोटाची कॉलर उलटून पोलिसी बिल्ला कधी दाखवतो, असं वाइल्डर सांगत असे. असा बिल्ला या कथेत नव्हताच. अखेर हलक्याफुलक्या विनोदी भूमिकांसाठी ओळखला जाणारा फ्रेड मॅकमरे आला आणि ती निवड सिनेमाला फार मोलाची ठरली. त्याच्या चेहऱ्यावर खलनायकी छटा नाही. हसतमुख, थोडा आगाऊ, कुठल्याही घरात सहज दिवाणखान्यापर्यंत पोचणारा विक्रेता. न्वारचा नायक बहुधा गुन्हेगारी जगातून येत नाही, तो आपल्यातूनच उठून जातो. मॅकमरेकडे पाहून हे पटतं.

आराखडा

वॉल्टर नेफ पॅसिफिक ऑल रिस्क या काल्पनिक कंपनीचा एजंट. मोटारविम्याच्या नूतनीकरणासाठी तो डीट्रिक्सन यांच्या घरी जातो. नवरा घरी नाही. बायको फिलिस (बार्बरा स्टॅनविक) अपघात विम्याची चौकशी करते आणि पुढच्या भेटीत विचारते की नवऱ्याला न कळता तो उतरवता येईल का. नेफला तिचा बेत क्षणात कळतो आणि तो उठून जातो. रात्री ती त्याच्या फ्लॅटवर येते.

इथे पटकथेत एक महत्त्वाची गोष्ट घडते. नेफ भुलला म्हणून खून करायला तयार झाला, इतकंच असतं तर सिनेमा उथळ झाला असता. तो स्वतःच्या आवाजात कबूल करतो की विम्याच्या धंद्यात राहून, लोकांच्या लबाड्या पाहून, आपल्यालाही कंपनीला गंडवता येईल का हा विचार डोक्यात आधीच घोळत होता. जुगाराच्या टेबलामागे उभा राहून चक्र फिरवणाऱ्या माणसाला सगळ्या युक्त्या माहीत असतात, तसं. फिलिसनं दार उघडलं, पण आतला बेत जुना होता. स्त्रीनं पुरुषाला बिघडवलं हा न्वारचा ठोकताळा इथे निम्माच खरा आहे, आणि उरलेल्या निम्म्यामुळे नेफ लक्षात राहतो.

आता हिशेब. मुदलात ५०,००० डॉलरची अपघात पॉलिसी. क्वचित घडणाऱ्या काही प्रकारच्या अपघातांत, उदाहरणार्थ रेल्वेत, मृत्यू आला तर कंपनी दुप्पट देते, म्हणजे १,००,०००. आपल्याकडे एलआयसीच्या कागदांवर 'डबल अॅक्सिडेंट बेनिफिट' वाचलेल्या कुणालाही हे कलम नवं वाटणार नाही. नेफचा हट्ट असा की मारायचं तर दुप्पट कलमातच बसवून मारायचं. मोटार विम्याच्या नूतनीकरणाच्या कागदांत दुसरा अर्ज सरकवून तो नवऱ्याची सही घेतो, आणि साक्षीला सावत्र मुलगी लोला खोलीत हजर राहील अशी व्यवस्था करतो.

मग नवऱ्याचा पाय मोडतो. बेत लांबतो, पण हीच अडचण नेफ सोयीची करून घेतो. प्लास्टर आणि कुबड्या असल्या की लोक कुबड्यांकडे बघतात, चेहऱ्याकडे नाही.

खुनाच्या रात्रीची तयारी हा सिनेमाचा सगळ्यात घट्ट विणलेला भाग. नेफ इमारतीच्या गॅरेजमध्ये गाडी धुवायला देतो, म्हणजे गाडी जागेवर होती याला साक्षीदार तयार. मग घरी येऊन टेलिफोनच्या घंटीत आणि दाराच्या घंटीत एक एक छोटं कार्ड अडकवतो. तो नसताना फोन वाजला किंवा कुणी दार वाजवलं तर घंटीच्या हादऱ्यानं कार्ड खाली पडेल आणि परतल्यावर त्याला कळेल. नवऱ्याच्या सुटासारखा निळा सूट अंगावर घालतो, लिफ्ट टाळून मागच्या जिन्यानं उतरतो आणि डीट्रिक्सन यांच्या गाडीत मागच्या सीटमागे दडून बसतो. फिलिस नवऱ्याला स्टेशनला सोडायला निघते, एका अंधाऱ्या रस्त्याला वळते आणि तीनदा हॉर्न वाजवते.

खून दिसत नाही. कॅमेरा स्टीअरिंग धरलेल्या फिलिसच्या चेहऱ्यावर थांबतो. शेजारच्या सीटवर काय चाललं आहे ते फक्त ऐकू येतं आणि तिची नजर समोर रस्त्यावर असते. ओठांच्या कडेला किंचित समाधान. गुन्ह्याची पद्धत दाखवायची नाही हे कोडचं बंधन, पण ते पाळताना वाइल्डरला त्याहून भयंकर काही मिळालं. प्रेताचा क्लोजअप प्रेक्षक विसरला असता. ही मुद्रा विसरत नाही.

मग नेफ कुबड्या घेऊन नवऱ्याच्या जागी आगगाडीत चढतो आणि शेवटच्या डब्याच्या उघड्या सज्जावर जातो. तिथे जॅक्सन नावाचा एक गप्पिष्ट प्रवासी आधीच बसलेला. त्याला सिगार आणण्याच्या निमित्तानं आत पाठवून नेफ रुळावर उडी टाकतो. फिलिस ठरल्या जागी गाडी घेऊन थांबलेली असते. दोघं प्रेत रुळावर ठेवतात, शेजारी कुबड्या, आणि गाडीत बसतात. आणि गाडी सुरूच होत नाही.

स्टार्टर फिरतो आहे, इंजिन धरत नाही. हा प्रसंग वाइल्डरनं चित्रीकरणाच्या वेळी घातला. त्याची स्वतःची गाडी सुरू होईना तेव्हा तो धावत सेटवर परत गेला, असं सांगितलं जातं. या काही सेकंदांत प्रेक्षकाची लबाडी उघडी पडते. दोन खुनी सुटावेत म्हणून तो मनातल्या मनात किल्ली फिरवत असतो. न्वार प्रेक्षकाला गुन्ह्यात भागीदार करून घेतो असं नुसतं लिहून समजत नाही. इथे ते अंगावर येतं. आणि हे साधलं त्याआधीच्या पंधरा-वीस मिनिटांतल्या कार्डांमुळे, गॅरेजमुळे, निळ्या सुटामुळे. इतकी मेहनत पाहिलेल्या माणसाला बेत फसलेला नको असतो.

फट

परत येऊन नेफ घंट्या तपासतो. दोन्ही कार्डं जागच्या जागी. काही चुकलेलं नाही. तरीही रस्त्यानं चालताना त्याला स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येत नाही.

चूक आराखड्यात नव्हतीच, म्हणून ती घंटीत कार्ड अडकवून सापडणारी नव्हती. क्लेम मॅनेजर बार्टन कीज (एडवर्ड जी. रॉबिन्सन) याची ओळख सिनेमानं आधीच करून दिली आहे. खोट्या दाव्याचा वास आला की त्याच्या पोटातला 'छोटा माणूस' त्याला जेवू देत नाही. कंपनीचा वरिष्ठ नॉर्टन ही आत्महत्या असल्याचं सांगून पैसे बुडवू पाहतो तेव्हा कीज त्याची जाहीर हजेरी घेतो. आत्महत्यांच्या तक्त्यांचे खंड आहेत: वंशानुसार, व्यवसायानुसार, ऋतूनुसार, विष, बंदूक, बुडणं, उडी. उडीतही पोटप्रकार: उंचावरून, रेल्वेखाली, ट्रकखाली, घोड्यांच्या टापांखाली. पण चालत्या गाडीच्या शेवटच्या डब्यावरून उडी मारून आत्महत्या केल्याची एकही नोंद नाही. तीही ताशी १५ मैलांच्या वेगानं जाणाऱ्या गाडीवरून! मॅकमरेनं या वेळी फार थोडं केलं आहे. तो ऐकतो आणि त्याचा निर्धास्तपणा हळूहळू वाढताना दिसतो. दुष्मन ठरायला हवा तो माणूस आपलीच बाजू मांडतो आहे.

त्याच रात्री कीज त्याच्या फ्लॅटवर येतो. पोट दुखतंय. पाय मोडला तेव्हा डीट्रिक्सननं दावा का केला नाही? अपघात पॉलिसी असलेला माणूस पाय मोडून घेतो आणि भरपाई मागत नाही, याचा अर्थ काय? कीज स्वतःच बरोबर उत्तरापाशी येतो की कदाचित त्याला पॉलिसीची माहितीच नव्हती. आणि पुढच्याच वाक्यात ते झटकून टाकतो, कारण पॉलिसी तर वॉल्टरनं स्वतः नेऊन दिली होती, चेक घेतला होता.

आख्ख्या चित्रपटाचं यंत्र या दोन वाक्यांत आहे. जो मोडलेला पाय नेफनं वेषांतरासाठी वापरला, तोच दावा न केल्यामुळे साक्ष देतो. खुन्यांनी केलेल्या कुठल्याही गोष्टीमुळे शंका आलेली नाही. जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही त्यामुळे आली. आणि कीजला उत्तर दिसत असूनही घेता येत नाही, कारण मध्ये मैत्री उभी आहे. पटकथा लिहिणाऱ्यांनी इथे थांबून बघावं. फट कथेच्या सुरुवातीलाच, सर्वांसमोर, निरुपद्रवी माहितीच्या रूपात ठेवलेली आहे. नंतर ऐन वेळी बोटाचा ठसा सापडला किंवा साक्षीदार उगवला तर तो अपघात वाटतो, इथे मात्र परिणाम वाटतो. नियतीची सावली वगैरे जे न्वारबद्दल लिहिलं जातं, ती नियती व्यवहारात अशी बांधावी लागते.

याच प्रसंगाच्या शेवटी फिलिस फ्लॅटपाशी येते आणि आतून कीजचा आवाज ऐकून थबकते. कीज बाहेर पडतो, नेफ दार उघडून धरतो आणि ती दारामागे दडते. फ्लॅटचं दार बाहेरच्या बाजूनं बोळात उघडतं. असं दार तिथल्या इमारतींत नसतं, आणि दार आत उघडत असतं तर प्रसंगच उभा राहिला नसता. एका फ्रेममध्ये तिघं आहेत: बोळात कीज, मध्ये नेफ, दारामागे ती. ताण इतका आहे की बिजागऱ्या कुणी बघत नाही.

निवेदन

नेफ पोलिसांना जबाब देत नाही, आठवणीही लिहीत नाही. खांद्यात गोळी घेऊन तो रात्री रिकाम्या ऑफिसात येतो आणि कीजच्या डिक्टाफोनवर, म्हणजे बोलणं मुद्रित करणाऱ्या यंत्रावर, कार्यालयीन टिपण बोलायला लागतो: प्रति बार्टन कीज, लॉस एंजेलिस, १६ जुलै १९३८. न्वारमधलं निवेदन बऱ्याचदा हवेत बोललेलं असतं, ऐकणारा कोण ते ठरलेलं नसतं. इथे ठरलेलं आहे. त्यामुळे प्रत्येक वाक्याला सूर मिळतो: थोडी बढाई, थोडी माफी, आणि तुला हे सापडलं नाही याचं दुःख.

निवेदन वापरणाऱ्यांनी यातून एक व्यवहारी गोष्ट घ्यावी. चित्रात जे दिसतंय ते आवाजानं पुन्हा सांगायचं नाही. फिलिस जिन्यावरून उतरते तेव्हा चित्रात तिच्या घोट्यातली साखळी दिसते. या भेटीतलं निवेदन त्या रस्त्यावरच्या हनीसकलच्या फुलांच्या वासाबद्दल आणि ते घर घेणाऱ्यानं अंदाजे ३०,००० डॉलर मोजले असतील याबद्दल बोलतं. किंमत डोळ्यांनी मोजणं ही विमा एजंटची सवय. वास चित्रातून येत नाही. दोन्ही गोष्टी फक्त आवाजच देऊ शकतो.

उजेड

छायालेखक जॉन एफ. साइट्झ. मूकपटांच्या काळापासून कॅमेऱ्यामागे असलेला माणूस. फिलिसचा दिवाणखाना पहिल्यांदा दिसतो ती भर दुपार आहे. कॅलिफोर्नियाचं ऊन बाहेर रणरणतंय आणि आत व्हेनेशियन ब्लाइंडच्या, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या पडद्याच्या, फटींतून कोंदट, धुळकट उजेड येतो. ती धूळ म्हणजे हवेत फुंकलेला अॅल्युमिनियमचा बारीक चुरा. वाइल्डरला हे घर नीट न झाडलेलं, शिळं वाटायला हवं होतं. न्वार म्हणजे रात्र असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर बघावा. अंधार इथे दिवसा आहे, आणि तो पडदे ओढून केलेला आहे.

बर्लिनमध्ये पटकथा लिहिणारा वाइल्डर १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर निघून गेला होता, आणि जर्मन अभिव्यक्तीवादी सिनेमाच्या सावल्या त्याच्या परिचयाच्या होत्या. पण इथे त्या तिरक्या, रंगवलेल्या सावल्या नाहीत. प्रत्येक पट्टीला खिडकी आहे, प्रत्येक उजेडाला दिवा आहे.

हा परिणाम आज लघुपटात करू पाहणाऱ्यांचं हमखास कुठे बिघडतं? पट्ट्या उमटत नाहीत. कारण सरळ गणितात आहे. सावलीच्या कडेचा धूसरपणा म्हणजे दिव्याची रुंदी गुणिले ब्लाइंडपासून भिंतीचं अंतर, भागिले दिव्यापासून ब्लाइंडचं अंतर. २ फूट रुंदीचा एलईडी पॅनेल ब्लाइंडपासून १० फुटांवर आणि भिंत ब्लाइंडच्या पलीकडे ५ फुटांवर असेल तर कड १ फूट धूसर होते. ब्लाइंडच्या पट्ट्या २ इंचांच्या, म्हणजे सगळं एकमेकांत मिसळून भिंतीवर नुसता राखाडी उजेड पडतो. तोच दिवा २ इंचांचा उघडा असेल आणि २० फुटांवर नेला तर कड अर्ध्या इंचावर येते आणि पट्ट्या कापल्यासारख्या दिसतात. म्हणून दिवा लहान हवा, उजेड पसरवणारं पुढचं डिफ्यूजन काढलेलं हवं आणि तो जितका मागे नेता येईल तितका न्यावा. जागा कमी असेल तर ब्लाइंडच भिंतीजवळ आणावा; तो खिडकीत असण्याची गरज नाही, स्टँडवर टांगला तरी चालतो.

दुसरी चूक एक्स्पोजरची. अंधार हवा म्हणून अख्खी फ्रेम अंडर, म्हणजे गरजेपेक्षा कमी उजेडात चित्रित, केली जाते. न्वारच्या फ्रेममध्ये काळ्याइतकाच पांढराही पक्का असतो. चेहऱ्यावर पडलेली पट्टी नीट एक्स्पोज करायची आणि सावलीच्या बाजूला किमान ३ स्टॉप, म्हणजे ८ पट, फरक ठेवायचा. सावली उजळवणारा फिल लाइट जवळजवळ बंद. सगळंच अंडर केलं की पट्टीही करडी होते, आणि संगणकावर उचलायला गेलं की दाणे येतात.

धुळीसाठी अॅल्युमिनियमची पूड आज वापरू नये. ती फुप्फुसांना वाईट आणि पेट घेणारी. हवेत पातळ धुकं सोडणारं हेझ मशिन बरं. धूप किंवा लोबान लावला तर धुराचे लोट येतात आणि एका शॉटपासून दुसऱ्यापर्यंत ते जुळत नाहीत. उजेड मागून किंवा बाजूनं असला तरच कण चमकतात. कॅमेऱ्याच्या बाजूनं दिवा मारला तर कण दिसत नाहीत, नुसती फ्रेम फिकट होते.

फिलिस

स्टॅनविकचा सोनेरी विग आजही वादाचा आहे. तो स्वस्त, खोटा दिसतो. आपण बाईऐवजी जॉर्ज वॉशिंग्टनला घेतलंय का, असं स्टुडिओच्या एका वरिष्ठानं म्हटल्याचं सांगतात, आणि वाइल्डरनंही पुढे ती चूक मानली. तरी चित्रीकरण बरंच झालेलं असल्यानं विग राहिला. मला वाटतं तो राहिला हे बरंच झालं. कृष्णधवल फ्रेममध्ये तो जवळजवळ पांढरा उमटतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत सर्वात उजळ गोष्ट म्हणजे तिचं डोकं. आणि ती जी आहे ते सगळं विकत घेतलेलं आणि अंगावर चढवलेलं आहे, हे संवादाशिवाय कळतं.

खून झाल्यावर दोघं भेटतात ते किराणा दुकानात. रचून ठेवलेले डबे, सपाट उजेड, मधूनच एखादी गिऱ्हाईक बाई मध्ये हात घालते, आणि काळा चष्मा लावलेली फिलिस डब्यांकडे बघत बोलते की आता मागे फिरायचं नाही. इथे सावल्या नाहीत. पण ज्यांनी सुटण्यासाठी खून केला त्यांना आता एकमेकांना नीट बघताही येत नाही, आणि हे दुकानाच्या सपाट उजेडात जास्त टोचतं.

शेवट, आणि जे कापलं

वाइल्डरनं नेफला गॅस चेंबरमध्ये मृत्युदंड दिल्याचा आणि कीज तो बघत असल्याचा प्रसंग खर्च करून चित्रित केला होता. कोडलाही शिक्षा हवी होतीच. तरी त्यानं तो संपूर्ण काढून टाकला. कारण तोवर ऑफिसच्या दारातला प्रसंग जमून आला होता. संपूर्ण सिनेमाभर कीजच्या सिगारला काडी नेफ लावतो; कीजच्या खिशात काडी कधीच नसते. शेवटी कोसळलेल्या नेफच्या तोंडातल्या सिगारेटला कीज काडी लावतो. यानंतर तुरुंग आणि काचेमागचा धूर दाखवणं म्हणजे पूर्ण झालेल्या वाक्यापुढे आणखी एक पान लिहिणं होतं. शिक्षा अटळ आहे हे प्रेक्षकाला कळलेलं असतं, आणि कोडलाही तेवढं पुरलं.

मिक्लोश रोझाच्या संगीतावर स्टुडिओच्या संगीतप्रमुखाची नाराजी होती, ते कर्कश वाटे. सात ऑस्कर नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. 'फिल्म न्वार' हे नाव तेव्हा अमेरिकेत कुणालाच माहीत नव्हतं. युद्ध संपल्यावर अडलेले अमेरिकन सिनेमे एकदम पॅरिसला पोचले आणि १९४६ साली समीक्षक नीनो फ्रांक यानं ज्या थोड्या चित्रपटांवरून ते नाव वापरलं त्यात हा होता. म्हणजे वाइल्डर आणि साइट्झ न्वार बनवायला बसले नव्हते. ते एक विम्याची गोष्ट कोडच्या कचेरीतून पार कशी न्यायची हे बघत होते.

मुंबईच्या १९५०च्या दशकातल्या कृष्णधवल गुन्हेपटांनी हा उजेड, क्लब, टोपी आणि सिगारेट आनंदानं घेतली. गुरुदत्तचा 'बाजी' (१९५१) घ्या: जुगाराचा अड्डा आहे, नाचणारी स्त्री आहे, खून आहे. पण त्यात नायकावर आळ खोटा येतो आणि शेवटी तो सुटतो. नेफनं जे केलं ते खरंच केलं आहे. हा फरक लक्षात घेतला की कुठला सिनेमा न्वारचा पोशाख घालून आलाय आणि कुठल्याच्या पोटात न्वार आहे ते वेगळं करता येतं, आणि 'बाजी'सारख्या सिनेमांचा गोडवा त्यामुळे जराही कमी होत नाही.

हा चित्रपट दुसऱ्यांदा बघणाऱ्यांनी चित्राचा आवाज बंद करून पहिला दिवाणखाना आणि शेवटचा दिवाणखाना लागोपाठ बघावेत. खोली तीच, ब्लाइंड तेच. पहिल्या वेळी ऊन पट्ट्यांतून आत घुसतं; शेवटच्या वेळी फिलिस स्वतः दिवा मालवते, पिस्तूल खुर्चीच्या उशीखाली सरकवते आणि बसून राहते. मग आवाज सुरू करून नेफ खिडकी बंद करायला जातो तो क्षण ऐकावा. शेजारून येणारं रेडिओवरचं गाणं त्याला नको असतं. खिडकी बंद होताच गाणं तुटतं आणि गोळी सुटते, आणि ती गोळी कुठून आली हे कळायला तुम्हाला चित्र पुन्हा मागे न्यावं लागेल.